चार पेन्सचे तिकीट आणि सव्वा टक्क्याचा कर : वार्धक्याचा खर्च कोणी उचलायचा?

१/
७ सप्टेंबर २०२१. ब्रिटनचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी कनिष्ठ सभागृहात एक घोषणा केली. पुढील एप्रिलपासून वेतनावरील ‘नॅशनल इन्शुरन्स’ वर्गणी सव्वा टक्क्याने वाढेल. कामगाराचीही आणि त्याच्या मालकाचीही. हा पैसा आरोग्यसेवा आणि वृद्धांची शुश्रूषा यांसाठीच वापरला जाईल. डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत प्राप्तिकर, नॅशनल इन्शुरन्स आणि व्हॅट वाढवणार नाही, असे वचन याच पक्षाच्या जाहीरनाम्यात होते. महामारी कोणाच्याच जाहीरनाम्यात नव्हती, हे जॉन्सन यांचे उत्तर होते.

२/
ही वाढ ६ एप्रिल २०२२ रोजी लागू झाली आणि ६ नोव्हेंबर २०२२ रोजी रद्द झाली. तिचे आयुष्य अवघे सात महिन्यांचे. तिच्या मागचा वाद मात्र एकशे दहा वर्षांचा होता. आजारपणाचा आणि म्हातारपणाचा खर्च मजुरीतून कापून घ्यावा की सर्व प्रकारच्या संपत्तीवर कर बसवून भागवावा, हा तो वाद. तो समजून घेण्यासाठी १९०८ सालापर्यंत मागे जावे लागते.

३/
१९०८ साली ब्रिटनने वृद्धांना निवृत्तिवेतन देण्याचा कायदा केला. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या गरीब वृद्धाला आठवड्याला कमाल पाच शिलिंग मिळू लागले. त्यासाठी कोणाकडूनही वर्गणी घेतली नव्हती. पैसा सरकारी तिजोरीतून, म्हणजे सर्वसाधारण करांतून येणार होता. योजना लोकप्रिय झाली, पण खर्चही मोठा होता. आता आजारपण आणि बेकारी यांचीही तरतूद करायची, तर पैसा आणायचा कोठून, हा प्रश्न अर्थमंत्री डेव्हिड लॉइड जॉर्ज यांच्यापुढे उभा राहिला.

४/
त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात लॉइड जॉर्ज जर्मनीला गेले. तेथे बिस्मार्कने १८८३ सालीच कामगारांचा आजारपणाचा विमा सक्तीचा केला होता. वर्गणीचे दोन हिस्से कामगार भरे आणि एक हिस्सा मालक. त्यातून समाजवाद्यांच्या पायाखालची वाळू काढून घेण्याचा बिस्मार्कचा हेतू होता. लॉइड जॉर्ज यांना त्यात दुसरे काही दिसले. ज्याच्या मजुरीतून पैसे कापले जातात, तो मदत घेताना याचक राहत नाही.

५/
मे १९११ मध्ये त्यांनी नॅशनल इन्शुरन्सचे विधेयक मांडले. कामगाराने आठवड्याला चार पेन्स द्यायचे, मालकाने तीन, सरकारने दोन. ‘चार पेन्सच्या बदल्यात नऊ पेन्स’ ही त्या योजनेची घोषणा देशभर गाजली. आजारी पडलेल्या पुरुष कामगाराला आठवड्याला दहा शिलिंग, सरकारी यादीतील डॉक्टरकडून उपचार आणि प्रसूतीसाठी तीस शिलिंग, असे लाभ होते. वर्गणी भरल्याची खूण म्हणून कार्डावर तिकीट चिकटवायचे. ब्रिटनमधील जुन्या पिढीचे लोक नॅशनल इन्शुरन्सला अजूनही ‘स्टॅम्प’ म्हणतात, ते त्यामुळेच.

६/
विरोध दोन टोकांकडून झाला. नोव्हेंबर १९११ मध्ये लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये बड्या घरच्या मालकिणी आणि त्यांच्या मोलकरणी एकत्र जमल्या. सरकारची तिकिटे चाटून चिकटवण्याचे काम आम्ही करणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. त्या सभेची टिंगल पुष्कळ झाली. दुसरा विरोध मात्र टिंगलीचा विषय नव्हता. तो मजूर पक्षाच्याच काही नेत्यांकडून आला होता.

७/
फिलिप स्नोडेन आणि जॉर्ज लॅन्सबरी यांचा आक्षेप साधा होता. तुटपुंजी मजुरी मिळवणारा चार पेन्स देणार आणि आठवड्याला दोन पौंड मिळवणाराही चार पेन्सच देणार. हा विमा नसून गरिबांवरचा डोईपट्टीसारखा कर आहे; आरोग्याचा खर्च ज्यांच्याकडे संपत्ती आहे त्यांच्याकडून वसूल करावा, असे त्यांचे म्हणणे होते. पक्षाचे नेते रॅम्से मॅक्डोनाल्ड यांनी विधेयकाला पाठिंबा दिला. डिसेंबर १९११ मध्ये कायदा झाला, स्नोडेन हरले. त्यांचा आक्षेप मात्र पुढे दर पिढीत नव्याने मांडला गेला.

८/
या कायद्याची आणखी एक मर्यादा होती. विमा कमावत्या व्यक्तीचा होता, तिच्या कुटुंबाचा नव्हता. कामगाराची बायको-मुले आजारी पडली, तर डॉक्टरची फी खिशातूनच द्यावी लागे. क्षयरोग्यांसाठीच्या आरोग्यधामांचा अपवाद वगळता रुग्णालयातील उपचारही विम्यात नव्हते. वेतनाशी बांधलेल्या संरक्षणाची ही अंगभूत अडचण आहे: जो वेतन मिळवत नाही, तो त्या छत्राखाली येत नाही. लहान मूल, गृहिणी आणि जराजर्जर वृद्ध हे तिघेही बाहेरच राहतात.

९/
ही अडचण दूर करण्याचा आराखडा आखणाऱ्या गृहस्थांचा जन्म मात्र ब्रिटनमधला नव्हे, बंगालमधल्या रंगपूरचा. विल्यम बेव्हरिज हे तेथील एका इंग्रज सनदी अधिकाऱ्याचे चिरंजीव. त्यांच्या मातोश्री ॲनेट बेव्हरिज यांनी ‘बाबरनामा’चा इंग्रजी अनुवाद केला आहे. डिसेंबर १९४२ मध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, बेव्हरिज यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. सरकारी अहवाल विकत घेण्यासाठी लंडनमध्ये रांगा लागल्या. त्याच्या सहा लाखांहून अधिक प्रती खपल्या.

१०/
बेव्हरिज वर्गणीच्या तत्त्वाचे कट्टर पुरस्कर्ते होते. सरकारने दान द्यावे आणि नागरिकाने हात पसरावा, हे नाते त्यांना नको होते. वर्गणी भरली म्हणून हक्क निर्माण झाला, हे नाते हवे होते. ब्रिटिश जनतेलाही तेच हवे आहे, अशी त्यांची खात्री होती. त्यामागे ‘मीन्स टेस्ट’ची कडू आठवण होती. १९३० च्या दशकात बेकार कुटुंबांच्या घरात शिरून अधिकारी मिळकतीची झडती घेत. मुलाची मजुरी मोजून बापाची मदत कापली जाई.

११/
५ जुलै १९४८ या एकाच दिवशी तीन गोष्टी अमलात आल्या. नव्या स्वरूपातील नॅशनल इन्शुरन्स. सर्वांना मोफत उपचार देणारी राष्ट्रीय आरोग्यसेवा, म्हणजेच एनएचएस. आणि नॅशनल असिस्टन्स ॲक्ट. पहिल्या दोन गोष्टी जगाला ठाऊक आहेत. तिसरीकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. २०२१ च्या वादाचे मूळ मात्र त्या तिसऱ्या कायद्यात आहे.

१२/
आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांनी एनएचएसचा मोठा खर्च सर्वसाधारण करांवर टाकला. विम्याच्या वर्गणीतून तिला थोडाच हिस्सा मिळणार होता. त्यामुळे उपचारांसाठी वर्गणी भरल्याची अट राहिली नाही. वृद्धांच्या निवासाची जबाबदारी मात्र नॅशनल असिस्टन्स ॲक्टने स्थानिक नगरपालिकांकडे दिली आणि तेथे शुल्क ठेवले. ज्याची ऐपत असेल त्याने ते भरावे, ज्याची नसेल त्याला नगरपालिका मदत करील, अशी व्यवस्था झाली.

१३/
बेव्हन यांचा हेतू वाईट नव्हता. त्याआधी निराधार वृद्धांच्या वाट्याला ‘वर्कहाउस’ येई आणि त्या नावाची दहशत पिढ्यान्‌पिढ्या होती. त्याऐवजी वृद्ध माणसाने एखाद्या हॉटेलातील पाहुण्याप्रमाणे, आपले पैसे देऊन, ताठ मानेने राहावे, ही त्यांची कल्पना. आठवड्याचे निवृत्तिवेतन सव्वीस शिलिंग होते. त्यातील एकवीस शिलिंग निवासापोटी द्यायचे आणि पाच शिलिंग हातखर्चाला ठेवायचे. १९४८ साली हा हिशेब माणुसकीचाच वाटत होता.

१४/
पण त्यामुळे एक रेषा आखली गेली. रेषेच्या एका बाजूला आजार: तेथे उपचार मोफत. दुसऱ्या बाजूला अशक्तपणा, म्हणजे आंघोळ घालणे, भरवणे, कपडे बदलणे, रात्री जागणे. त्याला ‘सोशल केअर’ हे नाव पडले आणि त्यासाठी घरदार मोजून पैसे घेतले जाऊ लागले. कर्करोग झालेल्या माणसाचा सगळा उपचार सरकार करते. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला मात्र वर्षानुवर्षांच्या शुश्रूषेसाठी बचत आणि अनेकदा घरही गमवावे लागते. दोन्ही आजारच आहेत. रेषेची बाजू तेवढी वेगळी.

१५/
१९४८ साली ही विषमता फारशी बोचत नव्हती, कारण अशी दीर्घ परावलंबी वर्षे फार थोड्यांच्या वाट्याला येत. पुढे आयुर्मान वाढले. घरांच्या किमती वाढल्या, त्यामुळे साध्या कामगाराचे घरही ‘संपत्ती’ म्हणून मोजले जाऊ लागले. १९९९ साली सर स्ट्युअर्ट सदरलंड यांच्या अध्यक्षतेखालील राजआयोगाने वैयक्तिक शुश्रूषा मोफत असावी, अशी शिफारस केली. स्कॉटलंडने २००२ पासून ती स्वीकारली. इंग्लंडने नाकारली.

१६/
त्याच सुमारास वेतनावरील वर्गणी पुन्हा राजकारणाच्या मध्यभागी आली. एप्रिल २००२ मध्ये मजूर पक्षाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनी एनएचएससाठी नॅशनल इन्शुरन्स एका टक्क्याने वाढवली. कामगारांची, मालकांची आणि स्वयंरोजगार करणाऱ्यांचीही. त्यातून वर्षाला सुमारे आठ अब्ज पौंड मिळणार होते. प्राप्तिकराचे दर वाढवणार नाही, असे वचन २००१ च्या जाहीरनाम्यात होते. नॅशनल इन्शुरन्सबद्दल त्यात मौन होते. विरोधकांनी यावर रान उठवले. जनतेने मात्र ही वाढ बऱ्यापैकी शांतपणे स्वीकारली.

१७/
ब्राऊन यांची तयारी हे त्याचे एक कारण. बँकिंग क्षेत्रातील डेरेक वॉनलेस यांच्याकडून त्यांनी आधी सविस्तर अहवाल तयार करवून घेतला होता. पैसा किती लागेल आणि का लागेल, ही चर्चा आधी झाली. कर नंतर आला. दुसरे कारण खोलवरचे आहे. ‘कर’ म्हटले की तो सरकारच्या पोटात गडप होतो, असे वाटते. ‘नॅशनल इन्शुरन्स’ म्हटले की आपल्याच नावाने कोठेतरी पैसे जमा होत आहेत, असे वाटते.

१८/
वस्तुस्थिती तशी नाही. नॅशनल इन्शुरन्समध्ये कोणाच्याही नावाचे खाते नसते. आज कापलेली वर्गणी आजच्याच पेन्शनधारकांना दिली जाते आणि तिचा काही भाग एनएचएसकडे जातो. १९७५ पासून सरसकट ठरावीक रकमेची तिकिटे जाऊन वर्गणी वेतनाच्या टक्केवारीत आली. त्यामुळे स्नोडेन यांच्या आक्षेपाचा एक भाग निकाली निघाला. पण एक निश्चित मर्यादा ओलांडली की त्यावरील वेतनावर कामगाराला अगदी कमी दराने वर्गणी द्यावी लागते, हे आजही कायम आहे.

१९/
शुश्रूषेचा प्रश्न मात्र लोंबकळतच राहिला. २०१० च्या निवडणुकीपूर्वी मजूर पक्षात मृत्यूनंतर मालमत्तेतून शुल्क घेण्याचा विचार चालू होता, तेव्हा हुजूर पक्षाने थडग्याचे चित्र असलेली पोस्टर लावून त्याला ‘मृत्युकर’ म्हटले. २०११ साली अँड्र्यू डिल्नॉट यांच्या आयोगाने व्यक्तीच्या आयुष्यभराच्या शुश्रूषाखर्चाला ३५ हजार पौंडांची कमाल मर्यादा सुचवली. वयाची पासष्टी गाठलेल्या दर दहांपैकी एकाला हा खर्च एक लाख पौंडांच्या वर जातो, आणि तो एक कोण हे आधी कोणालाच सांगता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

२०/
२०१४ च्या कायद्याने ही मर्यादा ७२ हजार पौंड ठरवली. ती २०१६ मध्ये लागू व्हायची होती; आधी पुढे ढकलली गेली, मग गुंडाळली गेली. मे २०१७ मध्ये थेरेसा मे यांच्या जाहीरनाम्यात घरी मिळणाऱ्या शुश्रूषेसाठीही राहत्या घराची किंमत हिशेबात धरण्याचा प्रस्ताव आला. या वेळी ‘स्मृतिभ्रंश कर’ हे नाव विरोधकांनी दिले. चार दिवसांत मे यांना माघार घ्यावी लागली आणि जूनमध्ये त्यांनी बहुमत गमावले. संपत्तीला हात लावला की काय होते, हा धडा सर्व पक्षांनी गिरवला.

२१/
या पार्श्वभूमीवर २०२१ ची योजना वाचली पाहिजे. मालमत्तेला हात लावणे राजकीयदृष्ट्या अशक्य झाले होते, उरले वेतन. सव्वा टक्क्याच्या वाढीतून वर्षाला सुमारे बारा अब्ज पौंड मिळणार होते. शुश्रूषाखर्चाची मर्यादा ८६ हजार पौंड ठरली. सरकारी मदतीसाठीची मालमत्तेची अट २३,२५० पौंडांवरून एक लाखापर्यंत सैल होणार होती. लाभांशावरील करही सव्वा टक्क्याने वाढणार होता. निवृत्तीच्या वयानंतरही नोकरी करणाऱ्यांनी २०२३ पासून हा कर भरायचा होता, आणि नॅशनल इन्शुरन्सच्या बाबतीत हे नवे होते.

२२/
आक्षेप मात्र जुनाच होता. वर्षाला वीस हजार पौंड पगार मिळवणाऱ्या परिचारिकेला किंवा दुकानातील विक्रेत्याला सुमारे १३० पौंड जादा द्यावे लागणार. तेवढेच उत्पन्न घरभाड्यातून मिळवणाऱ्या घरमालकाला यातून एक पैसाही द्यावा लागणार नाही. पेन्शनवरही ही वर्गणी नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या तरुणाच्या पगारातून पैसे कापायचे आणि त्यातून एखाद्या वृद्धाचे पाच लाखांचे घर त्याच्या वारसांसाठी राखायचे, हे कोणत्या न्यायात बसते, असा प्रश्न मजूर पक्षातून आणि हुजूर पक्षाच्याही काही बाकांवरून विचारला गेला.

२३/
सरकारच्या बाजूनेही मुद्दे होते. एवढी रक्कम उभी करू शकणारे कर ब्रिटनमध्ये मोजकेच आहेत. वेतनाचा पाया व्यापक आहे. मालकही अर्धा भार उचलतो. जास्त पगार असणारा जास्त देतो: पन्नास हजारांच्या पगारावर सुमारे ५०५ पौंड. मालकाचा हिस्साही अखेर पगारवाढ रोखून कामगारांकडूनच वसूल होतो, असे अर्थशास्त्रज्ञ म्हणत. तरी एकट्या कामगाराने भरण्यापेक्षा तो बरा वाटे. ८ सप्टेंबरला ३१९ विरुद्ध २४८ मतांनी प्रस्ताव मंजूर झाला.

२४/
बारकाईने पाहणाऱ्यांना दोन गोष्टी खटकल्या. पहिल्या तीन वर्षांत जमणाऱ्या सुमारे ३६ अब्ज पौंडांपैकी शुश्रूषेच्या वाट्याला फक्त ५.४ अब्ज येत होते. महामारीनंतर इंग्लंडमध्ये उपचारांसाठी पन्नास लाखांहून अधिक नावे प्रतीक्षायादीत होती, त्यामुळे मोठा हिस्सा रुग्णालयांकडे जाणार होता. दुसरी गोष्ट नोव्हेंबरमध्ये उघड झाली: नगरपालिकेने केलेली मदत ८६ हजारांच्या मर्यादेत धरायची नाही. त्यामुळे ज्याचे घर एक लाखाचे, त्याची बहुतांश पुंजी जाऊ शकत होती. ज्याचे दहा लाखांचे, त्याची नऊ-दशांशाहून अधिक शाबूत. उत्तर इंग्लंडमधील स्वस्त घरांच्या शहरांना हे झोंबले. सरकारचे बहुमत त्या मतदानात २६ पर्यंत घसरले.

२५/
पुढचा घटनाक्रम वेगवान आहे. एप्रिल २०२२ मध्ये वाढ लागू झाली तेव्हा महागाई भडकली होती. अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी वर्गणीची किमान वेतनमर्यादा जुलैपासून वाढवून कमी पगारदारांना दिलासा दिला. उन्हाळ्यात पक्षनेतृत्वाच्या निवडणुकीत लिझ ट्रस यांनी ही वाढ रद्द करण्याचे आश्वासन दिले आणि सप्टेंबरमध्ये ते अमलात आणण्याची घोषणा झाली. ऑक्टोबरच्या अखेरीस कर रद्द करणाऱ्या कायद्यावर राजमुद्रा उमटली, त्याच आठवड्यात सुनक पंतप्रधान झाले. स्वतः आणलेला कर स्वतःच्या कारकिर्दीत संपताना त्यांना पाहावा लागला.

२६/
कर गेला, शुश्रूषेच्या खर्चाची मर्यादा लगेच गेली नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये ती ऑक्टोबर २०२५ पर्यंत पुढे ढकलली गेली आणि जुलै २०२४ मध्ये मजूर पक्षाच्या अर्थमंत्री रेचल रीव्ह्‌ज यांनी ती रद्दच केली. दरम्यान सुनक यांच्या सरकारने २०२४ मध्ये कामगारांची वर्गणी १२ टक्क्यांवरून दोन टप्प्यांत ८ टक्क्यांवर आणली होती. डिल्नॉट आयोगापासून तेरा वर्षे, दोन कायदे आणि पाच पंतप्रधान होऊन गेल्यावर वृद्धांच्या बाबतीत परिस्थिती होती तेथेच राहिली.

२७/
ऑक्टोबर २०२४ च्या अर्थसंकल्पात रीव्ह्‌ज यांनी पुन्हा त्याच झाडाला हात घातला, पण फक्त मालकांच्या फांदीला. मालकांची वर्गणी १३.८ वरून १५ टक्के झाली आणि ती ज्या वेतनापासून सुरू होते, ती मर्यादा ९,१०० पौंडांवरून ५,००० वर आली. आरोग्यसेवेला पैसा मिळावा, हे त्यामागचे एक मोठे कारण सांगितले गेले. एनएचएसला या वाढीची भरपाई मिळाली. खासगी वृद्धनिवास, शुश्रूषासंस्था आणि मरणोन्मुख रुग्णांची सेवा करणारी धर्मादाय केंद्रे मात्र सवलतीबाहेर राहिली. १९४८ ची रेषा करवसुलीतही उमटली: पलीकडच्या रुग्णालयासाठी कर, अलीकडच्या शुश्रूषागृहावर कर.

२८/
त्या शुश्रूषागृहांत प्रत्यक्ष काम कोण करते, हेही पाहायला हवे. पगार कमी, म्हणून स्थानिक माणसे टिकत नाहीत. फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिटनने परदेशी शुश्रूषासेवकांसाठी व्हिसाचे दार उघडले. भारत, नायजेरिया, झिम्बाब्वे येथून हजारो जण गेले. मार्च २०२४ पासून त्यांना कुटुंब सोबत नेण्यास बंदी झाली आणि जुलै २०२५ मध्ये परदेशांतून नवी भरती बंद झाली. हे सेवक ब्रिटनमध्ये असेपर्यंत नॅशनल इन्शुरन्स भरतात. वार्धक्यात तेथेच राहू दिले जाईल, याची खात्री मात्र त्यांना नाही.

२९/
१९४८ हे साल भारतासाठीही महत्त्वाचे आहे. प्रा. बी. पी. अडारकर यांच्या १९४४ च्या अहवालाच्या पायावर त्या वर्षी राज्य कामगार विम्याचा कायदा झाला. मुंबईच्या गिरणगावाला ओळखीची असलेली ‘ईएसआय’ ती हीच. तिचे तत्त्वही लॉइड जॉर्ज यांचेच: कामगाराची वर्गणी, मालकाची वर्गणी, त्या बदल्यात उपचाराचा हक्क. आज कामगाराचा वाटा ०.७५ टक्के आणि मालकाचा ३.२५ टक्के आहे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाची वर्षानुवर्षांची शुश्रूषा मात्र या विम्यात नाही. तो भार घरातील सून, मुलगी किंवा पगारी आया उचलते आणि तो कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही.

३०/
ब्रिटनमध्ये २०२५ साली लुईझ केसी यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एका आयोगाचे काम सुरू झाले. त्याचा अंतिम अहवाल २०२८ पर्यंत अपेक्षित आहे. त्याच्यापुढेही तेच दोन प्रश्न असतील. पहिला स्नोडेन यांचा: मजुरीवर कर की मालमत्तेवर? दुसरा बेव्हन यांच्या कायद्याने नकळत उभा केलेला: उपचार मोफत असतील, तर शुश्रूषा का नाही? २०२१ च्या सरकारने पहिल्या प्रश्नाचे सोपे उत्तर निवडले आणि दुसऱ्याचे अर्धेमुर्धे दिले. सात महिन्यांनी दोन्ही उत्तरे मागे घेतली जाऊ लागली.

३१/
लॉइड जॉर्ज यांच्या योजनेला चहूकडून विरोध झाला, तरी ती टिकली, कारण चार पेन्स देणाऱ्याला बदल्यात काय मिळणार हे स्पष्ट दिसत होते. आजारी पडलेल्या आठवड्यात दहा शिलिंग घरी येत. २०२२ साली सव्वा टक्का भरणाऱ्या तरुणाला बदल्यात काय मिळाले, हे त्याला कोणी दाखवू शकले नाही. त्याची स्वतःची म्हातारी आई अजूनही त्या रेषेच्या दुसऱ्याच बाजूला आहे आणि तिच्या शुश्रूषेचे बिल दर महिन्याला येते आहे.

(समाप्त)